समुद्रावरचा पूल आणि दोन्ही काठांची माणसे



ओढ्याला पूर आला की काय होते, ते तुम्हांला सांगायला नको. अलीकडचा माणूस अलीकडे राहतो, पलीकडचा पलीकडे. शेत डोळ्यांसमोर दिसते, पण पाऊल टाकता येत नाही. पोरांची शाळा बुडते, दुधाच्या किटल्या घरी परत येतात, आजारी माणूस खाटेवरच राहतो. मग गावकरी एकत्र जमतात. झाडाचे दोन सोट आडवे टाकतात, वर फळ्या ठोकतात आणि साकव बांधतात. कोकणात असे साकव गावोगाव दिसतात.

आता ओढ्याच्या जागी समुद्राची खाडी आहे असे समजा. एका काठावर मुंबई शहर आहे. दुसऱ्या काठावर उरण आणि पनवेल तालुक्यांतली भातशेतीची गावे आहेत. मधले पाणी कित्येक किलोमीटर रुंद. अशा ठिकाणी साकव कसा बांधायचा? तो आता बांधला गेला आहे. त्याला अटल सेतू म्हणतात. शिवडी ते न्हावा शेवा असा तो जातो.

आमच्या रात्रीच्या वर्गात आम्ही या पुलाचे चित्र दाखवले. तेव्हा एका आजींनी विचारले, "समुद्राचं पाणी बाजूला सारून खांब पुरले की काय?" एक तरुण म्हणाला, "आपली मोटारसायकल जाते का हो त्याच्यावरून?" आणि मागे बसलेल्या एक बाई हळूच म्हणाल्या, "त्या टोकाला ज्यांची जमीन होती, त्यांचं काय झालं?"

तिन्ही प्रश्न आम्हांला आवडले. या धड्यात आपण तिन्हींची उत्तरे पाहू या.

मुंबई हे बेट आहे

बेट म्हणजे चारी बाजूंना पाणी असलेली जमीन. मुंबईत जन्म काढलेल्या माणसालाही पुष्कळदा आठवत नाही, की आपण बेटावर राहतो.

पूर्वी तर तिथे एक बेट नव्हते, सात बेटे होती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी त्यांची नावे. भरतीला मधल्या जागेत पाणी शिरे. ओहोटीला चिखल उरे. इंग्रजांच्या राज्यात बांध घालून, भर टाकून ही सात बेटे हळूहळू एक झाली.

या बेटाच्या उत्तरेला साष्टी नावाचे मोठे बेट आहे. वांद्रे, अंधेरी, कुर्ला, मुलुंड ही सगळी ठिकाणे साष्टीवरची. पूर्वेला ठाण्याची खाडी आहे. ही खाडी दक्षिणेकडे रुंद होत जाते आणि मुंबईच्या बंदराला मिळते. खाडीच्या पलीकडे खरी सलग जमीन लागते. तिथून पुढे पुणे, सातारा, कोल्हापूर, गोवा, कुठेही समुद्र न ओलांडता वाट फुटते.

उरणच्या माणसाला रात्री मुंबईचे दिवे समोर दिसत. पण जायचे कसे? एक वाट पाण्याची. मोरा बंदरातून लाँच मुंबईला भाऊच्या धक्क्यावर जाते. ही लाँच आजही चालते. पण समुद्र फार खवळला की ती थांबते. मोठी ओहोटी असली की मोऱ्याला गाळामुळे लाँच धक्क्याला लागत नाही. दुसरी वाट रस्त्याची. ती उत्तरेकडे वाशीपर्यंत मोठा वळसा घालून जाते. बाजाराची पाटी घेऊन निघालेल्या बाईला दोन्ही वाटा ठाऊक होत्या आणि दोन्हींचा त्रासही ठाऊक होता.

आधीचे बांध आणि पूल

बेट जमिनीला जोडायची खटपट आजची नाही. ती दोनशे वर्षांहून जुनी आहे.

जोनाथन डंकन नावाचा मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या काळात, १८०५ च्या सुमारास, शीव आणि कुर्ला यांच्यामध्ये बांध झाला. त्यावरून गाड्या जाऊ लागल्या.

पण माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये अजून होडीच होती. पावसाळ्यात होड्या उलटत. माणसे बुडत. सरकार बांध घालायला पैसा काढीना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई पुढे आल्या. त्यांनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले. त्या काळी ही रक्कम केवढी तरी मोठी! पण देताना त्यांनी एक अट घातली, की या बांधावरून जाणाऱ्या कोणाकडूनही कर घ्यायचा नाही. १८४५ साली बांध खुला झाला. मुंबईत त्या भागातल्या रस्त्याला आजही लेडी जमशेटजींचे नाव आहे. आवाबाईंची ही अट लक्षात ठेवा. पुढे आपल्याला तिचा उपयोग होणार आहे.

१८५४ साली आगगाडी ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला गेली. १९७३ साली मानखुर्द आणि वाशी यांच्यामध्ये मोटारींसाठी पूल झाला. त्या पुलाने खाडीपलीकडे नवी मुंबई वसवायला हात दिला. पुढे वाहने वाढली, तेव्हा त्याच्या शेजारी आणखी पूल बांधावे लागले.

साठ वर्षांची वाट

शिवडीहून थेट समोर पूल टाकावा, ही गोष्टही काही नवी नव्हती. अमेरिकेतल्या विल्बर स्मिथ कंपनीच्या जाणकारांनी मुंबईच्या रहदारीचा अभ्यास केला होता. त्यांचा अहवाल १९६३ साली आला. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरून समोरच्या उरणच्या बाजूला समुद्रावरून रस्ता न्यावा, असे त्यात सुचवले होते.

मग वर्षांमागून वर्षे गेली. पैसा कोठून आणायचा? काम कोणत्या खात्याने करायचे? कंत्राट कोणाला द्यायचे? यातच पिढी उलटली. अखेर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे काम आले. जपान देशाच्या सरकारी संस्थेने मोठे कर्ज दिले. डिसेंबर २०१६ मध्ये पायाभरणी झाली. २०१८ साली काम सुरू झाले. मध्येच २०२० साली करोनाची साथ आली आणि काम मंदावले. तरी हजारो कामगार खपत राहिले. १२ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पुलाचे उद्घाटन केले. दुसऱ्या दिवसापासून वाहने धावू लागली.

पुलाची लांबी सुमारे २२ किलोमीटर. त्यांपैकी साडेसोळा किलोमीटर समुद्रावर आणि उरलेला जमिनीवर. पायी चालणाऱ्याने झपाझप चालायचे म्हटले, तरी चार तासांहून जास्त वेळ लागेल इतका तो लांब आहे. भारतात समुद्रावरचा एवढा लांब पूल दुसरा नाही. खर्च सुमारे १७ हजार ८४० कोटी रुपये.

समुद्रात खांब कसा उभा राहतो

आता आजींचा प्रश्न घेऊ. आजी, पाणी बाजूला सारलेले नाही. पाणी होते तिथेच राहिले. खांबच पाण्यातून, चिखलातून खाली खडकापर्यंत नेले.

शिवडीचा किनारा म्हणजे नुसता गाळ. ओहोटीला दूरवर काळा चिखल उघडा पडतो. त्यात माणूस उभा राहिला तर मांडीपर्यंत रुतेल, मग जड यंत्रे कशी न्यायची? म्हणून आधी एक तात्पुरता पूल बांधला. त्यावरून माणसे आणि यंत्रे आत गेली. म्हणजे पूल बांधायला पूल!

तुम्ही विहीर खणताना पाहिली असेल. माती ढासळते तिथे सिमेंटची कडी उतरवतात. कडे माती अडवते आणि आत खणता येते. इथेही तशीच युक्ती. पण कड्याच्या जागी पोलादाचा जाड, लांबच लांब नळा. तो चिखलात उभा दाबत नेला. मग नळ्याच्या आतला गाळ काढला. खाली खडक लागला, तेव्हा यंत्राने खडकातही भोक पाडले. भिंतीत खुंटी ठोकतो, तसा खांबाचा पाय खडकात घट्ट बसला पाहिजे.

मग त्या भोकात लोखंडी सळ्यांचा लांब पिंजरा सोडला. आता त्यात काँक्रीट भरायचे. काँक्रीट म्हणजे सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचा कालवलेला माल. पण नळ्यात तर पाणी आहे. वरून माल ओतला तर सिमेंट धुऊन जाईल. यावर एक सोपी तोड आहे. बाटलीत तेल भरलेले आहे असे समजा. एक नळी बाटलीच्या तळापर्यंत घाला आणि तिच्यातून पाणी सोडा. जड पाणी तळाशी बसते आणि हलके तेल वर सरकून बाहेर येते. तसेच इथे केले. नळी तळापर्यंत नेली आणि काँक्रीट तळापासून भरत आणले. पाणी वर ढकलले गेले आणि बाहेर पडले.

असे अनेक पाय शेजारी शेजारी उभे राहिले, की त्यांच्या माथ्यावर काँक्रीटची जाड बैठक बसवतात. त्या बैठकीवर आपल्याला दिसतो तो खांब उभा राहतो. म्हणजे आपण पाहतो तो खांब थोडाच. त्याचा मोठा भाग पाण्याखाली आणि चिखलाखाली असतो.

समुद्राचे पाणी खारट. खाऱ्या हवेत खिडकीचे गज कसे सडतात, ते किनाऱ्यावरच्या लोकांना ठाऊक आहे. तसा पुलातल्या सळ्यांना गंज चढला तर पूल आतून पोखरेल. म्हणून काँक्रीट खास दाट केले आणि सळ्यांवर त्याचा थर जाड ठेवला. शंभर वर्षे टिकावा, अशा हिशेबाने हा पूल बांधला आहे.

खांबांवर रस्ता कसा बसला

खांबांवरचा रस्ता जागेवर ओतला नाही. त्याचे मोठमोठे तुकडे किनाऱ्यावरच्या कारखान्यात तयार केले. ते समुद्रात नेले, यंत्राने वर उचलले आणि एकाला एक जोडले.

पण तुकडे नुसते जोडून अधांतरी राहतील कसे? घरी करून पाहा. चार विटा एका ओळीत ठेवा. दोन्ही टोकांना हात लावून जोराने दाबा आणि उचला. चारही विटा एकदम उचलल्या जातात. मधली वीट खाली पडत नाही, कारण दाब तिला धरून ठेवतो. पुलाच्या तुकड्यांमधून पोलादी तारांचे दोर ओवले आहेत. ते यंत्राने ताणून टोकांना पक्के केले आहेत. तारा आकसू पाहतात आणि तुकडे एकमेकांवर दाबले जातात. तुमच्या दोन हातांचे काम तिथे तारा करतात.

काही ठिकाणी मात्र काँक्रीट चालले नाही. पुलाखालून जहाजे जातात. समुद्राच्या तळातून तेलाचे नळ गेले आहेत. तिथे खांब जवळ जवळ घालता येत नाहीत. खांब दूर गेले की मधला रस्ता लांब होतो, आणि काँक्रीटचा लांब रस्ता स्वतःच्याच वजनाने जड होतो. म्हणून तिथे पोलादाचे गाळे बसवले. त्यांतला सर्वांत लांब गाळा १८० मीटरचा आहे. त्याचे वजन दोन हजार टनांहून जास्त. पोलादाचे भाग परदेशातल्या कारखान्यांत घडवले, जहाजाने आणले, किनाऱ्यावर जोडले. मग तयार गाळा सपाट तराफ्यासारख्या नावेवर चढवून समुद्रात नेला आणि वर उचलून बसवला.

साऱ्या पुलाला सुमारे १ लाख ७७ हजार टन पोलाद आणि ५ लाख टन सिमेंट लागले. पाच लाख टन म्हणजे किती? सिमेंटचे पोते पन्नास किलोचे. वीस पोत्यांचा एक टन. तेव्हा पाच लाख टन म्हणजे एक कोटी पोती!

आणखी एक गंमत सांगतो. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती आधी तापवतात. तापली की धाव फुगते आणि चाकावर सहज बसते. थंड झाली की आवळते. पूलही तसाच उन्हात फुगतो आणि रात्री आकसतो. त्याला हालचालीला जागा दिली नाही तर तो तडकेल. म्हणून ठराविक अंतरावर सांधे मोकळे ठेवले आहेत. गाडीत बसून गेलात, तर सांध्यावर चाकाचा टक्क असा आवाज येईल. घाबरू नका. तो पुलाचा दोष नाही, ती सोय आहे.

पक्षी आणि कोळी

शिवडीच्या चिखलात थंडीच्या दिवसांत हजारो रोहित पक्षी येतात. लांब पायांचे, गुलाबी पंखांचे. चिखलातले शेवाळ आणि बारीक जीव हे त्यांचे अन्न. पुलाच्या कामाने आणि गाड्यांच्या आवाजाने ते उडून जातील, अशी काळजी होती. म्हणून त्या भागात पुलाच्या कडेला आवाज अडवणारे पडदे लावले आहेत. पक्ष्यांच्या जाणकारांचा सल्लाही घेतला.

पण त्या चिखलावर आणि पाण्यावर माणसेही जगतात. काम चालू असताना कोळ्यांच्या होड्यांच्या वाटा अडल्या. जाळी लावायच्या जागा गेल्या. त्यांना भरपाई द्यायची, असे प्राधिकरणाने ठरवले. आता भरपाई मागायची म्हटले की कागद आलाच. ज्याच्याकडे होडीची नोंद आहे, मच्छीमार सोसायटीचे कार्ड आहे, त्याचे काम सोपे. पण चिखलात उतरून हाताने निवट्या, कालवे, चिंबोऱ्या गोळा करणारी बाई कोणता कागद दाखवणार? समुद्र तिला ओळखतो. कचेरी ओळखत नाही. म्हणून अशा बायांनी आपली नोंद काम सुरू होण्याआधीच सोसायटीत आणि ग्रामपंचायतीत करून ठेवावी.

पुलावरून कोण जातो

आता तरुणाचा प्रश्न. नाही, दादा. मोटारसायकल या पुलावरून जात नाही. स्कूटर, रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाडी यांनाही बंदी आहे. पायी जायलाही परवानगी नाही. कारण पुलावर मोटारी ताशी शंभर किलोमीटरपर्यंत धावू शकतात. चढावर आणि उतारावर मात्र चाळीसचीच मर्यादा आहे. अशा वेगात मध्ये हळू चालणारे वाहन आले तर अपघात ठरलेला. समुद्रावरचा वाराही जोराचा असतो. गाडी वाटेत उभी करून फोटो काढणे गुन्हा आहे. पूल सुरू झाला तेव्हा पुष्कळांनी तसे केले आणि दंड भरला.

पुलावरून जायला पथकर भरावा लागतो. २०२४ साली पूल सुरू झाला तेव्हा मोटारीला एका खेपेचे २५० रुपये आणि जाऊन-येऊन ३७५ रुपये असा दर होता. बसला आणि दोन आसांच्या ट्रकला एका खेपेचे ८३० रुपये. नाक्यावर थांबून पैसे मोजायचे नाहीत. गाडीच्या काचेवर फास्टॅगची पट्टी असते. यंत्र ती धावत्या गाडीत वाचते आणि खात्यातून पैसे वळते होतात.

इथे आवाबाईंची अट आठवा. त्यांनी स्वतःचे पैसे घातले आणि बांध सर्वांना फुकट खुला केला. आजचा पूल कर्ज काढून बांधला. कर्ज फेडायचे तर पैसा हवा, हे खरे. पण ज्याच्याकडे मोटार नाही, त्याचे काय, हा प्रश्नही तितकाच खरा. त्याचे एक उत्तर बस हे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये एसटीच्या काही शिवनेरी गाड्या या पुलावरून जाऊ लागल्या. मार्चमध्ये मुंबईच्या बेस्टनेही बस सुरू केली. मोटारीत बहुधा एक-दोन माणसे असतात, बसमध्ये चाळीस. पुलाचा लाभ गरिबाला मिळायचा तर तो बसमधून मिळेल. तेव्हा पुलाजवळच्या गावांनी जादा बसची मागणी जरूर करावी. अर्ज लिहावा, गावाच्या सह्या घ्याव्यात, पोच घ्यावी.

त्या टोकाच्या जमिनीचे काय

आता बाईंचा प्रश्न. आमच्या मते तिन्हींत तोच महत्त्वाचा.

पूल नुसते अंतर कमी करत नाही. तो जमिनीची किंमत बदलतो. काल ज्या खाजणात फक्त भात आणि मीठ पिकत होते, ती जागा आज मुंबईपासून वीस-पंचवीस मिनिटांवर आली. मग तिथे घरे बांधणारे येतात, गोदामे बांधणारे येतात, दलाल येतात.

या भागाने हे पूर्वीही पाहिले आहे. १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी संस्था निघाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन त्यासाठी घ्यायचे ठरले. मिळालेला मोबदला शेतकऱ्यांना फार कमी वाटला. जासई गावचे दि. बा. पाटील यांच्या पुढारपणाखाली शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि आसपास मोठे आंदोलन झाले. पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसे गेली. त्या लढ्यातून पुढे एक तत्त्व मान्य झाले, की ज्याची जमीन घेतली, त्याला तिच्या साडेबारा टक्के हिशेबाने विकसित भूखंड परत मिळावा. आज अटल सेतू जिथे जमिनीला टेकतो, ते ठिकाण या जासईच्या जवळच आहे.

आता पुन्हा तशीच वेळ आली आहे. २०२४ साली सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या परिसरात नवे शहर वसवण्याची अधिसूचना काढली. अधिसूचना म्हणजे सरकारने छापून जाहीर केलेली सूचना. गावकऱ्यांनी तिच्यावर लेखी हरकती घेतल्या. हरकत घेणे म्हणजे भांडण नव्हे. "आमचं म्हणणं असं आहे, ते ऐकून घ्या," असे मुदतीत लिहून देणे म्हणजे हरकत.

जमीन विकावी की ठेवावी, हे आम्ही सांगणार नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे. पण कागद न वाचता अंगठा उठवू नये, एवढे आम्ही नक्की सांगू. पूल असो, धरण असो, की मोठा रस्ता असो, गावोगाव हेच चार-पाच कागद समोर येतात.

सातबारा उतारा. जमीन कोणाच्या नावावर आहे, किती आहे, तिच्यावर कोणाचा बोजा आहे, ते यात दिसते. आपले नाव त्यात बरोबर आहे ना, हे आधी पाहावे.

विसार पावती. थोडे पैसे आगाऊ देऊन सौदा बांधून ठेवण्याचा हा कागद. एकूण किंमत किती आणि उरलेले पैसे केव्हा मिळणार, हे त्यात लिहिलेले हवे.

कुलमुखत्यारपत्र. यावर सही केली, की आपल्या वतीने दुसऱ्याला व्यवहार करता येतो. त्यात विकण्याचा अधिकार लिहिला असेल, तर आपल्याला न विचारता जमीन विकली जाऊ शकते. हा कागद फार जपून करावा.

हक्कसोडपत्र. जमिनीला भाव आला, की भावांना बहिणींची आठवण येते. "ताई, नुसती एक सही कर," असे सांगतात. २००५ सालच्या कायद्याने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. सही केली की तो हक्क सुटतो. प्रेमाने सोडायचा तर सोडावा, पण काय सोडतो आहोत ते वाचून सोडावा.

खरेदीखत. हा शेवटचा कागद. हा नोंदला, की जमीन दुसऱ्याची झाली. यातली रक्कम आणि आपल्या हातात आलेली रक्कम सारखी आहे ना, हे ताडून पाहावे.

धडा संपवताना

आजींना उत्तर मिळाले: पाणी हटवले नाही, खांब खडकापर्यंत नेले. तरुणाला उत्तर मिळाले: मोटारसायकल जात नाही, बस जाते. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून पुरे झालेले नाही. ते त्या १२४ गावांत आज घडते आहे.

आमची तुम्हांला एक विनंती आहे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद चिकटवलेला दिसला, तर तसेच पुढे जाऊ नका. थांबा. तुम्हांला आता वाचता येते. गावाचे नाव वाचा. गट नंबर वाचा. हरकत घ्यायची शेवटची तारीख वाचा. आणि घरी जाताना शेजाऱ्यालाही ती तारीख सांगा.